हिजरत आणि एकशे साठ एकर

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत असतो. तिथल्या त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात एकदा फोन आला. म्हणाला, ''मामू, आज इथं सगळं बंद आहे. सुटी आहे.'' तारीख होती २४ जुलै. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैला असतो, एवढं मलाही ठाऊक होतं. मग ही सुटी कसली? तो म्हणाला, ''१८४७ साली या दिवशी इथं बैलगाड्या येऊन पोचल्या, त्याची. आणि मामू, रस्ते केवढे रुंद आहेत म्हणून सांगू! बैल जुंपलेली गाडी मागं न घेता वळवता यावी, म्हणून एवढे आखले म्हणतात.''

नंतर मी वाचलं, तेव्हा कळलं की त्या शहरातले जुने रस्ते १३२ फूट रुंद आहेत. बैलगाडीच्या मापानं आखलेलं अमेरिकन शहर! माझं कुतूहल जागं झालं. लहानपणी रविवारच्या मॅटिनीला आम्ही इंग्रजी चित्रपट बघायचो. त्यात कापडी छपराच्या गाड्यांची रांग माळरानावरून पश्चिमेकडं निघालेली असायची. टेकडीमागून घोडेस्वार आदिवासी यायचे, गाड्या गोल रिंगण करायच्या आणि आम्ही गाडीतल्या माणसांच्या बाजूनं श्वास रोखून बसायचो. ही माणसं कोण आहेत, घरदार सोडून का निघाली आहेत, पुढं त्यांचं काय झालं, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. ते भाच्याच्या फोननंतर पडले.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस आहे. पण स्थलांतर हा विषय मला परका नाही. आम्हा मुसलमानांचं वर्षच एका स्थलांतरापासून मोजलं जातं. इसवी सन ६२२ मध्ये हजरत मुहम्मद पैगंबरांनी छळाला कंटाळून मक्का सोडली आणि ते मदिनेला गेले. त्या जाण्याला हिजरत म्हणतात. जे गेले ते मुहाजिर, आणि मदिनेत ज्यांनी त्यांना आपल्या घरात, आपल्या भाकरीत वाटा दिला ते अन्सार. आमच्याकडं मुहाजिरांच्या बरोबरीनं अन्सारांचंही नाव घेतात. अमेरिकेची ही गोष्ट वाचताना मी नकळत दोन्ही शोधत होतो. मुहाजिर लगेच सापडले. अन्सार शोधायला वेळ लागला.

श्रोतेहो, पश्चिमेकडं गेलेल्या माणसांचे अनेक प्रकार होते. कुणी सोन्यासाठी गेलं, कुणी कातड्याच्या व्यापारासाठी. मी आज दोघांविषयीच बोलणार आहे. एक मॉर्मन, जे धर्मापायी गेले. दुसरे होमस्टेडर, जे जमिनीपायी गेले.

धर्मापायी निघालेले

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. आपल्याला ईश्वरी साक्षात्कार झाला आणि सुवर्णपत्रांवर कोरलेला एक प्राचीन ग्रंथ सापडला, असं त्यानं सांगितलं. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्यानं 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं आणि आपला चर्च स्थापन केला. या ग्रंथामुळं त्याच्या अनुयायांना मॉर्मन हे नाव पडलं.

हे लोक जिथं गेले तिथं शेजाऱ्यांशी त्यांचं बिनसलं. ते एकगठ्ठा राहायचे, एकगठ्ठा जमिनी घ्यायचे, एकगठ्ठा मतं द्यायचे. धर्मगुरू सांगेल तो शब्द अखेरचा मानायचे. न्यूयॉर्कहून ओहायो, ओहायोहून मिसुरी, अशी त्यांची फरफट झाली. मिसुरीत तर ऑक्टोबर १८३८ मध्ये गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यानं लेखी हुकूम काढला, की मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाही तर त्यांचा समूळ नाश करा. हुकुमानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल नावाच्या वस्तीवर हल्ला होऊन १७ जण मारले गेले. हा हुकूम अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं.

मग ते इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी आले. दलदल बुजवून त्यांनी नॉव्हू नावाचं शहर वसवलं. पाच-सहा वर्षांत तिथं दहा-बारा हजार वस्ती झाली, म्हणजे त्या वेळच्या शिकागोच्या तोडीची. स्मिथ तिथं धर्मगुरू होता, महापौर होता आणि शहराच्या सशस्त्र दलाचा सेनापतीही होता. अनेक बायका करण्याची चाल पंथात गुपचूप सुरू झाली होती. काही असंतुष्ट माणसांनी वृत्तपत्र काढून ते गुपित फोडलं, तेव्हा स्मिथच्या हुकमावरून त्यांचा छापखाना मोडून टाकण्यात आला. त्यापायी तो तुरुंगात गेला आणि २७ जून १८४४ रोजी जमावानं तुरुंगात घुसून त्याला आणि त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. स्मिथ तेव्हा ३८ वर्षांचा होता.

ब्रिगहॅम यंग त्याच्या जागी आला. यानं एकच विचार केला. जिथं आधी कुणी गोरा शेजारीच नाही, जी जागा इतर कुणाला नकोच आहे, तिथं जायचं. अमेरिकेची हद्द ओलांडून, त्या काळी मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या खाऱ्या सरोवराच्या कोरड्या खोऱ्यात जायचं. फेब्रुवारी १८४६ मध्ये, ऐन थंडीत नॉव्हूहून गाड्या निघाल्या. बांधलेली घरं मिळेल त्या भावात विकली, न विकली गेली ती तशीच टाकली.

चाकं मोजणारा कवी

या प्रवासातला एक माणूस मला फार आवडला. त्याचं नाव विल्यम क्लेटन. हा इंग्लंडहून आलेला कारकून. एप्रिल १८४६ मध्ये आयोवाच्या चिखलात तांडा अडकलेला असताना त्याला निरोप मिळाला, की मागं नॉव्हूत राहिलेल्या बायकोला मुलगा झाला. त्या आनंदात त्यानं एक भजन लिहिलं. ते मॉर्मन लोक आजही गातात. तर हा भजन लिहिणारा माणूस पुढच्या वर्षी रोज किती मैल चाललो याची नोंद ठेवत होता. अंदाजानं सांगितलेले आकडे त्याला पटेनात. मग त्यानं गाडीच्या चाकाचा घेर मोजला, हिशेब केला की ३६० फेऱ्या म्हणजे एक मैल, चाकाला तांबडी चिंधी बांधली आणि दिवसभर गाडीशेजारून चालत फेऱ्या मोजल्या. ८ मे १८४७ रोजी त्यानं ४,०७० फेऱ्या मोजल्या. म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेऱ्या. त्या वीस फेऱ्यासुद्धा त्यानं वहीत लिहिल्या! पुढं तांड्यातल्या सुतारानं लाकडी दात्यांचं मोजणी-यंत्र बनवून चाकाला बसवलं, तेव्हा कुठं बिचाऱ्याची सुटका झाली. १८४८ मध्ये त्यानं या वाटेची मार्गदर्शिका छापली. पाणी कुठं आहे, उतार कुठं आहे, गवत कुठं मिळेल, सगळं मैलाच्या हिशेबानं. मागून येणाऱ्यांचे हाल त्यामुळं कमी झाले.

पण या प्रवासात एक हिवाळा वाटेतच काढावा लागला. १८४६-४७ चा तो हिवाळा मॉर्मनांनी मिसुरी नदीच्या पश्चिम काठावर, आजच्या ओमाहा शहराजवळ काढला. ती जमीन ओमाहा नावाच्या आदिवासींची होती. त्यांचा वृद्ध प्रमुख बिग एल्क याच्याशी यंगनं बोलणी केली आणि ओमाहांनी राहायला परवानगी दिली. हजारो परक्या माणसांनी त्यांच्या रानातली झाडं तोडून झोपड्या बांधल्या, त्यांची शिकार खाल्ली. तरीही आजारानं आणि अपुऱ्या अन्नानं मॉर्मनांची शेकडो माणसं तिथं दगावली. पण बाकीचे जगले. श्रोतेहो, मी ज्यांना शोधत होतो ते अन्सार मला इथं भेटले. त्यांच्याकडं आपण पुन्हा येणार आहोत.

पहिली तुकडी १८४७ च्या वसंतात पुढं निघाली. १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुलं. त्या पुरुषांत तिघं काळे गुलाम होते. त्यांतला ग्रीन फ्लेक हा तर यंगच्याही आधी, २२ जुलैला खोऱ्यात उतरलेल्या आघाडीच्या माणसांत होता. छळातून सुटकेच्या त्या यात्रेत काही जण मालकाच्या मर्जीनं चालत होते, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. यंग स्वतः आजारी होता. तो २४ जुलैला पोचला. भाच्याची सुटी ती ही.

पाणी कुणाचं?

समोर काय होतं? डोंगर, कोरडी जमीन आणि ज्याचं पाणी तोंडात धरवत नाही असं सरोवर. एका गोड्या तळ्यातून निघून त्या खाऱ्या सरोवराला मिळणारी नदी बघून त्यांना बायबलची आठवण झाली आणि त्यांनी तिचं नाव जॉर्डन ठेवलं. पण श्रद्धेनं पीक येत नाही, पाण्यानं येतं. २३ जुलैला, म्हणजे यंग पोचायच्या आदल्या दिवशीच, त्यांनी एका ओढ्याला बांध घातला, पाणी शेतात वळवलं आणि नांगर धरला.

इथं यंगनं एक फार मोठा निर्णय घेतला. ओढ्याचं पाणी कुणा एकाच्या मालकीचं नाही. डोंगरातलं लाकूडही नाही. पाट सर्वांनी मिळून खणायचा, ज्यानं जितकं काम केलं तितका त्याचा पाण्यात वाटा. गावागावात एक पाणी वाटणारा माणूस नेमला. आपण त्याला पाटकरी म्हणू. त्यानं पाळी लावून द्यायची. घरं एकत्र, गावात. शेतं गावाबाहेर. त्यामुळं शेजार होता, शाळा होती, बाळंतपणाला बाया होत्या. यंग १८७७ मध्ये वारला, तोवर त्या रखरखीत मुलखात तीनशेहून अधिक वस्त्या उभ्या राहिल्या होत्या.

सगळं गोड नव्हतं. १८५६ मध्ये पैसे कमी पडले, तेव्हा युरोपातून येणाऱ्या गरीब मॉर्मनांना बैलगाड्यांऐवजी हातगाड्या देण्यात आल्या. मोठ्या माणसाला १७ पौंड सामानाची मुभा. बहुतेक माणसं इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणीतली आणि डेन्मार्क-स्वीडनकडची. त्या वर्षीच्या शेवटच्या दोन तुकड्यांना निघायलाच उशीर झाला. गाड्या ओल्या लाकडाच्या, त्या वाटेत आकसून मोडू लागल्या. लेव्ही सॅव्हेज नावाच्या एका अनुभवी माणसानं सांगितलं, की आता पुढं जाऊ नका, बर्फात सापडाल. त्याचं कुणी ऐकलं नाही. मग तोही त्यांच्याबरोबर चालू लागला. ऑक्टोबरात वायोमिंगच्या डोंगरात बर्फानं गाठलं. दोन तुकड्यांत मिळून सुमारे हजार माणसं होती, त्यांतली दोनशेहून अधिक गेली. यंगला खबर लागली तेव्हा त्यानं भर धर्मसभेत सांगितलं, की आज प्रार्थना हीच, की जा आणि त्यांना घेऊन या. मदतीच्या गाड्या लगोलग निघाल्या, म्हणून बाकीचे वाचले.

आणि याच छळ सोसलेल्या लोकांच्या हातून पुढच्याच वर्षी छळ झाला. मेक्सिकोबरोबरच्या युद्धानंतर १८४८ मध्ये युटा अमेरिकेच्या ताब्यात आलं होतं. ज्या देशातून पळाले तो देशच मागोमाग चालत आला. १८५७ मध्ये सरकारनं युटाकडं फौज पाठवली. वातावरण भीतीनं आणि सूडानं भरलेलं होतं. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज इथं मॉर्मनांच्या दलानं काही पायूट आदिवासींना हाताशी धरून, आर्कान्सा राज्यातून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली. त्यात बायका होत्या, मुलं होती. १७ लहानग्यांना तेवढं जिवंत ठेवलं. शिक्षा झाली ती एकट्या जॉन ली याला, तीही वीस वर्षांनी. २००७ मध्ये, दीडशे वर्षं झाल्यावर, चर्चनं या घटनेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. घर सोडायला लागलेला माणूस दुसऱ्याचं दुःख जाणतोच असं नाही, हे हिजरतीची आठवण जपणाऱ्या माझ्यासारख्यालाही ऐकावं लागतं.

१८९० मध्ये चर्चनं बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं आणि १८९६ मध्ये युटा राज्य म्हणून संघराज्यात आलं.

कागदावरचा चौकोन

आता दुसरे प्रवासी. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कायदा साधा होता. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणीही अर्ज करावा, सरकार १६० एकर जमीन देईल. पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग ती तुमची. फी सगळी मिळून १८ डॉलर. बाहेरच्या देशातून आलेल्यानं नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. विधवा आणि अविवाहित बायकांनाही आपल्या नावावर जमीन घेता येत होती.

असा कायदा आधी का झाला नाही? कारण दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांना तो नको होता. छोटे स्वतंत्र शेतकरी पश्चिमेत पसरले, तर तिथं गुलामगिरी रुजणार नाही, हे ते ओळखून होते. १८६० मध्ये असाच एक कायदा राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी नाकारला होता. दक्षिणेची राज्यं फुटून बाहेर पडली, तेव्हा वाट मोकळी झाली.

मग माणसं निघाली. नॉर्वे-स्वीडनमध्ये जमिनीचे तुकडे पडून पोट भरेनासं झालं होतं आणि १८६७ ते ६९ मध्ये तिकडं दुष्काळ पडला. जर्मन आले, झेक आले. यादवी युद्ध संपल्यावर सैनिक आले. रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दुतर्फा सरकारनं जमिनी दिल्या होत्या. गाडीला प्रवासी आणि माल हवा, म्हणून त्यांनी युरोपभर जाहिराती केल्या. गुलामीतून सुटलेले काळेही आले. केंटकीतून निघालेल्या काळ्या कुटुंबांनी १८७७ मध्ये कॅन्सस राज्यात निकोडेमस हे गाव वसवलं. पुढं रेल्वे त्या गावाला वळसा घालून गेली आणि गाव खंगलं, पण ते आजही आहे.

नवी जमीन म्हणजे झाड नसलेलं गवताचं अथांग माळ. लाकूड नाही, तर घर कशाचं बांधणार? गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती नांगरानं पट्ट्यापट्ट्यांनी उचलायची, तिचे विटेसारखे तुकडे करायचे आणि भिंती रचायच्या. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण पाऊस थांबला तरी छप्पर गळतच राहायचं आणि कधी वरून साप पडायचा. सरपणाला रानरेड्यांचं वाळलेलं शेण, म्हणजे आपल्या गोवऱ्याच.

१८७४ मध्ये टोळधाड आली. टोळांनी पिकं खाल्ली, वाळत घातलेले कपडे खाल्ले, घामाच्या मिठानं खारावलेले अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडले. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली. दुपारी एकाएकी हिमवादळ आलं. सुमारे २३५ माणसं मेली. त्यांत घरी परतणारी शाळकरी मुलं पुष्कळ होती.

पण खरा घात पावसानं केला. अमेरिकेच्या नकाशावर शंभराव्या रेखांशाच्या आसपास वर्षाला वीस इंच पावसाची सीमा आहे. तिच्या पश्चिमेला वीस इंचांहून कमी. माणदेशातल्या शेतकऱ्याला वीस इंचांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण तिथं जमिनी विकणाऱ्यांनी एक सिद्धांत पसरवला होता, की नांगर पुढं गेला की पाऊस त्याच्या मागोमाग येतो! १८८० च्या सुमाराची काही वर्षं खरोखरच ओली गेली, त्यामुळं लोकांना ते पटलंही. मग दशकाच्या अखेरीला कोरडी वर्षं सुरू झाली आणि गाड्या उलट्या, पूर्वेकडं निघाल्या.

धोक्याची सूचना कुणी दिलीच नव्हती का? दिली होती. जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात युद्धात गमावलेला भूगर्भशास्त्रज्ञ. त्यानं १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला, की या कोरड्या मुलखात १६० एकरांचा चौकोन निरर्थक आहे. पाणी असेल तर ८० एकर पुरे. नुसती चराई असेल तर २,५६० एकर हवेत. जमिनीचे वाटे कागदावर पट्टी ठेवून नव्हे, तर पाण्याच्या वाटेप्रमाणं पाडा, आणि पाणी शेतकऱ्यांनी मिळून सांभाळा. त्यानं युटातले मॉर्मनांचे पाट डोळ्यांनी पाहिले होते. अहवालाचं कौतुक झालं आणि तो बाजूला पडला. १८९३ मध्ये एका सिंचन परिषदेत त्यानं पुन्हा सांगितलं, की जमीन आहे तेवढं पाणी नाही. तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली.

मला इथं या दोन प्रवाशांतला फरक दिसतो. माणसं दोन्हीकडं सारखीच कष्टाळू, सारखीच गरीब. पण मॉर्मनांनी आधी पाणी बघितलं, मग घरं बांधली आणि ती एकमेकांना धरून बांधली. होमस्टेडरला कायद्यानंच आपल्या चौकोनावर एकटं राहायला लावलं. शेजारी अर्धा मैल, मैल दूर. गंमत अशी, की १८६९ मध्ये युटात जमीन कचेरी उघडली, तेव्हा बावीस वर्षं कसलेल्या जमिनीचा कागद मॉर्मनांकडंही नव्हता. मग त्यांनी एकाच्या नावावर चौकोन घेतला आणि पुढं आपसात वाटून दिला. कायद्यातल्या चौकोनात त्यांनी आपलं गाव बसवलं.

होमस्टेडर सगळेच बुडाले, असं मात्र नाही. १९७६ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत (अलास्कात तो १९८६ पर्यंत चालला) सुमारे १६ लाख लोकांना मालकीपत्रं मिळाली. जमीन वाटली गेली २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकदशांश. अर्ज करणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणी चाळीस टक्के म्हणतं, कुणी निम्म्याहून अधिक. लबाड्याही झाल्या. बारा बाय चौदाचं घर हवं, एवढाच नियम वाचून बारा बाय चौदा इंचांचं खेळण्यातलं घर ठेवणाऱ्यांचे किस्से तिथं सांगतात! पण अनेकांच्या नातवंडांनी त्याच जमिनीवर शिकून संसार केले, हेही खरं. आणि जिथं नांगरू नये ती कोरडी जमीन नांगरली गेली, तिची किंमत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी वसूल केली, हेही खरं.

फुकटची जमीन

आता शेवटचा प्रश्न. सरकारकडं वाटायला एवढी जमीन आली कुठून?

१८६२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यात डकोटा आदिवासी उपाशी होते. जमिनीच्या मोबदल्यात ठरलेले पैसे वेळेवर आले नव्हते. त्यांनी उठाव केला, त्यात शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले. उठाव मोडल्यावर ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. लिंकन यांनी कागद तपासून बहुतेकांची शिक्षा रोखली, पण ३८ जणांना २६ डिसेंबर १८६२ रोजी एकाच चौथऱ्यावर फाशी दिली गेली. होमस्टेड कायदा लागू झाला १ जानेवारीला. मध्ये सहा दिवस. जमीन देणाऱ्या कायद्यावर आणि या फाशीच्या यादीवर सही एकाच हाताची होती. त्या हातानं गुलामांना मुक्त करणाऱ्या जाहीरनाम्यावरही त्याच १ जानेवारीला सही केली. इतिहास असा आहे. त्यात एक बाजू धरून बसता येत नाही.

माझी मुलगी लहान असताना मी तिला लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' वाचून दाखवायचो. वडील घर बांधतात, आई दिवा लावते, आम्ही दोघं त्यात रमून जायचो. पुढं कळलं, की कॅन्ससमधलं ते घर ओसेज आदिवासींच्या जमिनीवर, त्यांनी ती सोडण्याआधीच बांधलेलं होतं. युटातही तेच. भुकेल्या आदिवासींशी लढण्यापेक्षा त्यांना जेवू घालणं स्वस्त पडतं, असं यंग सांगत असे. पण १८५० मध्ये प्रोव्हो नदीकाठच्या यूट लोकांवर त्याच्याच संमतीनं हल्ला झाला. ओढ्याकाठची ज्या जागी गावं वसली, त्याच जागी यूटांचे मासे आणि शिकार होती.

आणि ओमाहा? ज्यांनी उपाशी मॉर्मनांना एका हिवाळ्याचा आसरा दिला, ते? १८५४ मध्ये त्यांना जवळजवळ सगळी जमीन सरकारला लिहून द्यावी लागली आणि उत्तरेकडच्या एका राखीव तुकड्यात जावं लागलं. त्याच नेब्रास्कात १८६३ पासून होमस्टेडचे चौकोन आखले गेले. ओमाहांचं नाव उरलं ते शहराला. आमच्या परंपरेत अन्सारांना मुहाजिरांचे भाऊ म्हणतात. इथं पाहुणे पुढं निघून गेले आणि घरमालकाचं घर गेलं.

गेल्या वर्षांत भाच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. २०२२ मध्ये सॉल्ट लेक सरोवराची पातळी आजवरच्या नोंदीतल्या सर्वांत खालच्या जागी गेली. नद्यांचं पाणी वाटेतच शेतीसाठी आणि शहरांसाठी काढून घेतलं जातं, हे त्याचं मोठं कारण. दीडशे वर्षांपूर्वी ज्या पाटांनी ते गाव जगवलं, त्यांचाच हा हिशेब. पाणी माणसामाणसांत नीट वाटलं, पण सरोवराचा वाटा कुणी धरला नाही.

विल्यम क्लेटननं चाकाची प्रत्येक फेरी मोजली, वरच्या वीस फेऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. मला वाटतं, स्थलांतराचा हिशेब असाच पुरा ठेवायला हवा. किती मैल चाललो, किती माणसं वाटेत गेली, हे तर लिहायचंच. पण कुणाच्या दारात उतरलो, त्यांनी काय दिलं आणि नंतर त्यांचं काय झालं, हेही त्याच वहीत लिहायचं. मी भाच्याला सांगितलं, ''बेटा, येत्या २४ जुलैला मिरवणूक जरूर बघ. बैलगाड्या बघ, हातगाड्या बघ. आणि ओमाहांचा कुणी उल्लेख करतो का, तेही मला कळव.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)